तुरीचा डबा

शाकीबच्या तोंडून आपलीच ओळ बाहेर पडताना सिंधूनं ऐकली आणि तिच्या हातातली कपबशी खणकन वाजली. आवाज तसा लहानच होता. पण तिला वाटलं, खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. ‘किसी ताक़ पर ये हुनर रख दिया है.’ ताक़ म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा. कुठल्याशा कोनाड्यात ठेवून दिलंय हे कसब. शब्दाला शब्द तोच, वजन तेच. ही ओळ सिंधूच्या पर्समध्ये घडी घातलेल्या कागदावर होती आणि अजून थोड्या वेळानं ती तिला वाचायची होती. गाद्यांवर मांड्या घालून बसलेल्या मंडळींनी ‘वाह’ केलं, ‘फिर से’ केलं, आणि शाकीबनं मान झुकवून आपला शेर पुन्हा म्हटला. ‘बुज़ुर्गों की सोहबत से पाया था हमने, किसी ताक़ पर ये हुनर रख दिया है.’ वरची ओळ त्याची निराळी होती. खालची मात्र सरळसरळ तिची. ठरलेल्या ओळीवर सगळ्यांनी गझल रचून आणायची, तिच्याच वजनात, तिच्याच यमकात, अशी ही दर महिन्याची बैठक. तेव्हा ‘रख दिया है’ सगळ्यांच्याच शेरांच्या शेवटी यायचं, ‘हुनर’ही दोघातिघांना सुचायचं, हे तिला कळत होतं. एका विहिरीवर दोघं पाणी भरायला येतात. पण दोघांची घागरही एकच, दोरही एकच, आणि घागरीला पोचाही एकाच जागी, असं कधी होतं का?

तिनं कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा मोईजभाईंकडे पाहिलं. बैठकीचं सूत्रसंचालन नेहमी त्यांच्याकडे. अकोल्यात त्यांचं चपलांचं दुकान, आणि जीभही चामडं कापायच्या रापीसारखी. दर वेळी ते सिंधूला आधी वाचायला लावत आणि शाकीबला तिच्यानंतर, कारण नव्यानं आधी वाचायचं आणि जुन्यानं मागून, अशी रीत. आज त्यांनी उलट केलं होतं. “शाकीबमियाँ को वरूड जाना है, संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजची मशीन बंद पडली म्हणते,” असं म्हणून त्याला आधी उठवलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. वरूडला जायचं होतं तर हा गेला का नाही? शेर वाचून झाले, दाद घेऊन झाली, तरी स्वारी जिन्याच्या तोंडाशी अवजारांची पिशवी पायाशी ठेवून बसली होती आणि सिंधूकडे बघत होती. चांगलं रोखून बघत होती. म्हणजे याला माहीत आहे, ती मनात म्हणाली. माझ्या पर्समध्ये काय आहे ते याला माहीत आहे, आणि माझा चेहरा कसा होतो ते बघायला थांबलाय हा.

आज नेमकं व्हावं हे! थंडीतला मोठा मुशायरा या वर्षी अमरावतीत होणार होता, तिच्या गावात. त्यात वाचायला या बैठकीतून एकच नवं नाव जायचं होतं आणि ते आजच्या वाचनावरून मोईजभाई ठरवणार होते. मांडवात पहिल्या रांगेत नवरा बसलाय, कोर्टाच्या बार रूममधले त्याचे मित्र बसलेत, शाळेच्या स्टाफरूममधल्या बाया पदर सावरत आल्यात, आणि माइकवरून आपलं नाव पुकारलं जातंय, हे चित्र सिंधूनं इतक्यांदा पाहिलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. बावन्नाव्या वर्षी असली स्वप्नं बघणारी बाई म्हणजे शुद्ध खुळी, असं अमरावतीत अर्ध्या लोकांचं मत होतं. उरलेल्या अर्ध्यांचं मत आणखी वाईट होतं. तिला कुणीतरी लिहून देतं, असं ते म्हणत.

नवरा वकील. तो उघड विरोध कधी करायचा नाही. वकील माणूस, पुरावा मागे ठेवील कसा? जेवताना हसत म्हणायचा, “आमच्यात ड्राफ्ट ज्युनिअर करतो आणि सही सिनिअर. तुमच्यात उलट दिसतं.” सासरे मोरोपंत, जन्मभर भिक्षुकी करून आता पंचांगापुरते उरलेले, त्यांनी पहिल्या वर्षीच निकाल दिला होता, “सूनबाई, उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. संसार त्या बाजूला नेऊ नका म्हणजे झालं.” यात द्वेष नव्हता, नुसती खोडी होती. पण खोडीनंही माणूस सोलवटतो. शाळेत ती भूगोलाची बाई, आणि तिनं उर्दू शिकावी हे तिथं कुणाला पटेना. मग कारणं शोधली गेली आणि जी सापडली ती सिंधूच्या कानावर येतील अशा बेतानं बोलली गेली. तेव्हापासून तिला सवयच लागली. कुणी ‘छान’ म्हणालं की छानच्या पोटात काय आहे ते चाचपायचं. कुणी गप्प बसलं की गप्प का बसलं ते उकलत राहायचं. दुधानं पोळलेली ती. आता पाणीसुद्धा फुंकून प्यायची. अकोल्याला येताना एस्टीत शेजारच्या बाईनं सहज विचारलं, ‘कुठं निघालात?’ तरी ही दचकायची.

बाळापूरचे एक वयस्क शायर वाचू लागले. आवाज खोल, प्रत्येक ओळ दोनदा. सिंधूच्या कानावरून ती पाण्यासारखी जात होती. तिचं मन दुसरीकडे उलटतपासणी घेत बसलं होतं. शाकीबला ओळ मिळाली कुठून? तिनं ही गझल एकाच माणसाला दाखवली होती. ही बैठक ज्यांच्या घरी भरे त्या, समोर लोडाला टेकून, डोळे मिटून बसलेल्या रऊफसाहेबांना. आणि शाकीब त्यांचा सख्खा भाचा. झालं, दोन आणि दोन चार! भाच्याच्या पदरात टाकली तिची ओळ. आपला तो बाब्या! परक्याचं गेलं तर काय बिघडतं? पण रऊफसाहेब असं करतील? तिच्या बालमैत्रिणीचा, जहाँआराचा, नवरा. अकोल्याच्या जुन्या गल्लीत सिंधूचं माहेर आणि जहाँआराचं घर, मध्ये एकच भिंत. त्या भिंतीपलीकडून लहानपणी ऐकलेल्या ओळी पोटात राहिल्या आणि पंचेचाळिशीनंतर उगवल्या. जहाँआरानंच पाटीवर अलिफ-बे गिरवायला दिलं होतं, वर दम भरला होता, “हसशीन तर छडी मारीन मी तुले.” आणि रऊफसाहेबांनी तिला शागीर्द म्हणून घेतलं तेव्हा एकच अट घातली होती, “सिंधूबहन, जो भी लिखोगी, पहले मुझे सुनाओगी.” तेव्हा तिला ती माया वाटली होती. आता त्या अटीची दुसरी बाजू दिसू लागली. पहले मुझे. का बरं पहले मुझे?

आणि मघाशी स्वयंपाकघरात जहाँआरा तिला कोपऱ्यात घेऊन जे बोलली, तेही आता निराळं दिसायला लागलं. चहा गाळता गाळता तिनं आवाज खाली आणला होता. “यांचं काही खरं नाही वं आजकाल. सकाळी नमाज पढून आले, आन् मलेच विचारते, नमाजले जायचं हाय का म्हणून. दोनदा चहा घेते, म्हणते घेतलाच नाही. कोनाले बोलू नको.” तेव्हा सिंधूच्या मनात आलं होतं की ही प्रस्तावना आहे. आता पुढचं वाक्य येणार, ‘तर तू यायचं जरा कमी कर.’ ते आलं नाही. जहाँआरानं नुसता तिच्या हातात कप दिला आणि विचारलं, “काहून गं, सकाळपासून काही खाल्लं का नाही तू?” मैत्रिणीनं मन मोकळं केलं आणि हिनं त्यात हाकलून द्यायचा डाव शोधला. आता ते आठवून सिंधूला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली तरी संशय काही उठून गेला नाही. जरा सरकून बसला एवढंच.

कारण आता तिला दुसरं काहीतरी आठवत होतं. शाकीबनं ती ओळ म्हटली तेव्हा पहिली ‘वाह’ कुणाची होती? रऊफसाहेबांची. त्यांनी डोळे उघडून, पुढे झुकून म्हटलं होतं, “क्या मिसरा निकाला है, मियाँ!” चेहऱ्यावर लहान मुलासारखं कौतुक. ते नाटक नव्हतं. नाटकं सिंधूला ओळखता येत. उर्दूला लागल्यापासून सहा वर्षं लोकांची नाटकं ओळखणं हेच तर करत आली होती ती. ती ओळ जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखे ते हरखले होते. आणि ती तर त्यांनी ऐकलेली होती. तिच्यासमोर. नुसती ऐकलेली नव्हती...

इथं सिंधूचं मन थबकलं, आणि मग नको असलेल्या खोलीचं दार आपोआप उघडावं तसा तो दिवस समोर आला. ती रऊफसाहेबांच्या तख्तासमोर बसून आपला शेर म्हणत होती, तिचा, जसा सुचला तसा:

मेरी सास पूछे, कहाँ है, तो कह दूँ,
तुरी के डबे में हुनर रख दिया है.

रऊफसाहेब हसले होते, मायेनं. “सिंधूबहन, ग़ज़ल में दाल नहीं पकती.” मग डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी वजन मोजत, त्यांनी सासू काढली, तिच्या जागी ज़माना घातला. तुरीचा डबा काढला, त्या जागी दिव्याचा कोनाडा ठेवला. ‘ज़माना जो पूछे, कहाँ है, तो कह दूँ, किसी ताक़ पर ये हुनर रख दिया है.’ शेर कसा घासूनपुसून लख्ख झाला. तिनं तो आनंदानं लिहून घेतला होता. परतीच्या एस्टीत मूर्तिजापूर येईपर्यंत ती ओळ उस्तादांची होती. बडनेरा ओलांडेपर्यंत ती सिंधूची झाली होती. आणि आज सकाळपर्यंत तर ती इतकी तिची झाली होती की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिनं चोर शोधायला सुरुवात केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग इतकी वर्षं लोक म्हणत होते ते खरंच होतं की काय? बाळापूरचे शायर संपवून खाली बसले, मोईजभाईंनी आणखी एका मास्तरांना पुकारलं, आणि सिंधू बसल्या बसल्या आपल्या एकेका गझलेत हात घालून बघू लागली. पावसाची गझल, ज्यावर पहिली दाद मिळाली होती. तिचा शेवटचा शेर कुणाचा? उस्तादांचा. लेकीला, मैथिलीला, पुण्याला पाठवून परतताना सुचलेली ती गझल. त्यात ‘प्लॅटफॉर्म’ होता, त्याचा ‘साहिल’ म्हणजे किनारा झाला होता. ‘कुकर’चं काय झालं होतं? ‘दिल’ झालं होतं बहुतेक. जिथं जिथं लोकांनी वाहवा केली होती, तिथं तिथं बोट ठेवलं की खाली रऊफसाहेबांचा गुडघा आणि त्यावर वाजणारी बोटं. हाती तिचं असं काय लागत होतं? अडखळणाऱ्या, अमरावतीच्या, डाळ-तांदूळवाल्या ओळी. त्या सगळ्या कापलेल्या. नवरा हसत होता तेच खरं. सही तेवढी तिची होती.

“बाजी.” ताई म्हणावं तशी कुणीतरी हळू हाक मारली. ती दचकली. शाकीब जिन्यापासून सरकत सरकत तिच्या गादीच्या कडेला आला होता. तिशीतला पोरगा, नखांत ग्रीस, दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करणारा. जवळून बघितल्यावर त्याच्या नजरेत टवाळी नव्हती, आणि सिंधूला नवल वाटलं, कारण तिथं जे होतं ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तो तिच्यावर संशय घेत होता.

“बाजी, मी वाचलो तवा तुमचा कप वाजला,” तो कुजबुजला. “तुमच्यापाशी बी ‘ताक़’ हाय का?”

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

“कोनं दिला?” तो म्हणाला. “मामूनं?”

सिंधूची नजर समोरच्या लोडाकडे गेली. तेवढ्यावरून त्याला कळलं. त्यानं मामूंकडे पाहिलं, मग खाली सतरंजीकडे. तो म्हणाला, “माहं तं ‘फ्रीज’ होतं, बाजी. ‘पुराने फ्रिजों में हुनर रख दिया है.’ मामू बोलले, ग़ज़ल में मशीन नहीं चलती. काटून टाकलं.” तो हसायला गेला पण ते हसणं जमलं नाही. “सगळे म्हन्तेच ना, मामूचं लिहिलेलं वाचते म्हणून. मले वाटलं, आज तुमी माही ओळ नेली. मग आता लोक काय म्हन्तीन?”

म्हणजे यालाही. सिंधूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हाही दर महिन्याला इथं तसाच बसत असणार, ‘वाह’च्या पोटात हात घालून चाचपत. तिला त्याची दया आली, आणि दयेच्या मागून रागही आला, कुणावर ते ठरेना. रऊफसाहेबांवर रागावण्यासारखं काही नव्हतं. त्या माणसानं काही कुणाची ओळ उचलून कुणाला दिली नव्हती. एकच दुरुस्ती त्यांनी दोघांना केली होती, कारण पहिल्याला केलेली त्यांना आठवलीच नाही. इतकं साधं होतं ते. डोळे मिटून ते त्या एकाच कोनाड्यापाशी पुन्हा पुन्हा जाऊन पोचत होते आणि दर वेळी तो त्यांना नव्यानं सापडत होता. आणि आता ती कागद उघडून तीच ओळ वाचील, तर मोईजभाई टाळी देऊन म्हणतील, ‘लो, उस्तादने दोनोंको एकही माल दे दिया.’ हसतील सगळे. तिला हसतील, शाकीबला हसतील, आणि म्हाताऱ्याचं बिंग भर बैठकीत फुटेल. तो शेर गाळून बाकीचे वाचावेत? तेही कुणाचे, देव जाणे.

आणि का कोण जाणे, तिला सासू आठवली. ती गेली त्याला आता तीन पावसाळे झाले. सुरुवातीच्या दिवसांत सिंधू आपले उर्दूत लिहिलेले कागद तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवायची. डाळ वर्षाची भरलेली, डबा मोठा, कोण खाली हात घालतंय? पण सासूनं कडुनिंबाचा पाला घालायला एके दिवशी डबा उपसला आणि हातात आले ते उलट्या लिपीतले कागद. म्हातारी पांढरीफटक पडली. कुणीतरी घरावर करणी केली, असंच धरून चालली ती. डब्याभोवती कापूर जाळला, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मोरोपंतांना कसलंसं स्तोत्र म्हणायला बसवलं. शेवटी सिंधूला सांगावंच लागलं. रडत सांगितलं तिनं. सासूनं कागद उजेडात धरून उलटासुलटा केला आणि विचारलं, “तू लिवलं हे?” सिंधू म्हणाली, हो. पुढचा प्रश्न ती तेव्हाही ओळखून होती, कुणी शिकवलं, कुणी लिहून दिलं. तो आला नाही. म्हातारी म्हणाली, “तुहंच असन. लोकाचं असतं तं काचेच्या कपाटात ठेवलं असतं तू. डाळीत कावून लपवलं असतं?” आणि कागद तिनं घडी करून परत डाळीत घातले, वर पाला घातला, झाकण लावलं. आयुष्यात एवढ्या एकाच माणसानं तिच्यावर संशय घेतला नव्हता, आणि त्या माणसाला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

“मोहतरमा सिंधू, अमरावती से,” मोईजभाई म्हणाले. ‘मोहतरमा’ म्हणताना ते नेहमीसारखे जरासे जास्तच झुकले.

आतल्या खोलीचा पडदा हलला. जहाँआरा दारात येऊन उभी राहिली असणार. सिंधूनं पर्समधून कागद काढला, उघडला आणि पालथा करून मांडीवर ठेवला. सुरुवातीचे दोन शेर तिनं पाठ होते तसे म्हटले. थोडी दाद आली, सभ्य, बेताची. मग ती थांबली. शाकीब मान खाली घालून बसला होता, मार खायला तयार झालेल्या पोरासारखा.

“मेरी सास पूछे, कहाँ है, तो कह दूँ,” ती म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं ओळ पुन्हा म्हटली, या वेळी मोठ्यानं.

“मेरी सास पूछे, कहाँ है, तो कह दूँ,
तुरी के डबे में हुनर रख दिया है.”

खोलीत काहीच झालं नाही. वाह नाही, आह नाही. तेवढ्यात रऊफसाहेबांची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली. डोळे मिटलेले, कपाळावर एक गोड आठी. “सिंधूबहन,” ते प्रेमानं म्हणाले, “डब्बा नहीं. यूँ कहिए... किसी ताक़ पर. किसी ताक़ पर ये हुनर रख दिया है.” आणि स्वतःच खूश होऊन त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं, ओळ पसंत पडली का ते बघायला.

थोड्याच वेळापूर्वी ही ओळ याच खोलीत, याच गाद्यांवर शाकीबनं वाचली होती, आणि सर्वात आधी वाहवा याच माणसानं केली होती. बाळापूरचे शायर आपल्या काठीच्या मुठीकडे बघत राहिले. पडद्याआडून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि रऊफसाहेब तेवढे हसऱ्या चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत होते. इथं सिंधूला तिची सगळी वर्षं वसूल करता आली असती. ‘उस्ताद, ही ओळ तुमचीच, आम्हा दोघांना दिलेली,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंच नाही.

“जी, उस्ताद,” ती म्हणाली. “बहुत ख़ूब. पण आज डबाच राहू द्या. माझ्या सासूला ताक़ समजणार नाही.”

रऊफसाहेब क्षणभर गोंधळले. मग मान डोलावून म्हणाले, “हाँ, हाँ. सास की बात तो माननी पड़ेगी.” आणि पुन्हा लोडाला टेकले.

तेव्हा मोईजभाई हसले. आधी नाकातून, मग पोटातून. मांडीवर थाप मारून, आजूबाजूच्यांना कोपरानं ढोसत ते म्हणाले, “लो भाई! इतके साल आपन म्हणून राहिलो, कोनी लिहून देते, कोनी लिहून देते. आज मानलं! तुरीचा डबा! असा शेर कोनी लिहून देईन का हो? हा बाईचाच हाय. पक्का बाईचाच!”

सगळे खदखदून हसले. शाकीबही हसला, डोळे पुसत. मोईजभाईंनी तिचं नाव न लिहिताच हातातल्या पेनाला टोपण लावून ते खिशाला अडकवलं. तेव्हा मोठ्या मुशायऱ्याचं तिचं काय झालं ते सिंधूला कळलं. अमरावतीच्या मांडवात डाळीचे डबे कोण नेतंय? नवऱ्याला आज जेवताना नवा विनोद मिळणार होता.

तिनं सवयीनं मोईजभाईंच्या वाक्याच्या पोटात हात घातला. आत काही लपलेलं नव्हतं. तो टोमणा होता, वरून खालपर्यंत निव्वळ टोमणा, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. इतक्या वर्षांत कुणी एवढं स्वच्छ बोललं नव्हतं तिला. सिंधूनं मांडीवरचा कागद चुरगाळून पर्समध्ये टाकला, हात कपाळाशी नेला आणि मोईजभाईंना, त्या खोलीत कुणी कधी केला नसेल असा, मनापासून आदाब केला.

“फिर से,” पडद्याआडून जहाँआरा म्हणाली. “डब्बेवाला फिर से.”